वझीरसाहेबांची दुसरी आवृत्ती

नेपरव्हिलला आम्ही घर घेतलं त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या घरातले एक वृद्ध गृहस्थ आमच्या दारात येऊन उभे राहिले. लांब काळा कोट, गळ्यात रेशमी मफलर, हातात चांदीच्या मुठीची काठी. बाहेर असा बर्फ पडत होता की लोक कचऱ्याचे डबेसुद्धा बाहेर काढत नव्हते. त्यांनी टोपी काढली, किंचित झुकले आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आपल्या बाजूचा बर्फ आमच्या हद्दीत आला आहे. मी निषेध नोंदवायला आलेलो नाही. केवळ वस्तुस्थिती आपल्या कानावर घालतो आहे."

झालं होतं असं, की नवऱ्याने सकाळी शिकागोची ट्रेन गाठायच्या घाईत ड्राइव्हवे साफ केला आणि सगळा बर्फ शेजारच्यांच्या गाडीमागे लोटला. मी सॉरी म्हटलं, आत या म्हटलं. ते नको म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, ते पुन्हा नको म्हणाले. मी नागपूरची. आमच्याकडे नको म्हणणाऱ्याला हाताला धरून पाटावर बसवतात. तिसऱ्यांदा म्हटल्यावर ते आत आले आणि घरातल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीवर न विचारता बसले. इराणमध्ये दोनदा नको म्हणायचंच असतं हे मला नंतर कळलं. माझ्या पुणेकर नवऱ्याने पहिल्याच नकोला दार लावून घेतलं असतं, आणि मग मला सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

चहा पिता पिता ते म्हणाले, "आय वॉज अ मिनिस्टर."

अमेरिकेत मिनिस्टर म्हणजे चर्चमधला पाद्री. मी आदराने विचारलं, "कुठल्या चर्चचे?"

त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला. "सरकारचा मंत्री, मॅडम. तेहरानला. आणि त्याआधी, त्यानंतर आणि आजही इतिहासकार."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव वझीरसाहेब पडलं. ते मला 'खानूम' म्हणायचे, म्हणजे बाईसाहेब. एवढ्या मानाने मला आजवर कोणी हाक मारली नव्हती, आणि त्या मानाची किंमत काय पडणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

त्यांची मुलगी दातांची डॉक्टर होती. दिवसभर दवाखान्यात. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे मला नोकरी करायला कायद्याने बंदी. दुसऱ्याच आठवड्यात ती येऊन गोड बोलून गेली, "तुम्ही घरीच असता ना, तर बाबांना जरा लायब्ररीत सोडाल का?" मी हो म्हटलं. पुढची काही वर्षं मी इराणच्या इतिहासाची ड्रायव्हर होते.

त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, बहुतेक लाल सिग्नलला. वडील एका लहान गावातले जमीनदार. हे पॅरिसला शिकायला गेले, इतिहासाची डॉक्टरेट घेऊन परतले, विद्यापीठात शिकवू लागले. मग राजघराण्याच्या पूर्वजांवर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. त्यात त्या पूर्वजांचा एकही दोष त्यांना सापडला नव्हता. अशा बारकाईच्या संशोधनाची दखल घेतली गेली आणि त्यांना मंत्री केलं. खातं कुठलं, तर पुस्तकं आणि वर्तमानपत्रं तपासून ती छापायची की नाही हे ठरवायचं. क्रांती झाली तेव्हा ते प्राचीन वास्तूंच्या जतनावर भाषण करायला जिनिव्हात होते. ते परत गेलेच नाहीत. तिकडे त्यांचं घर, ग्रंथालय आणि गुलाबाची बाग कोणीतरी ताब्यात घेतली. बायको आणि मुलगी वर्षभराने कशाबशा बाहेर पडल्या. मग कॅलिफोर्नियात त्यांनी एका कॉलेजात फ्रेंच शिकवलं, बायको वारली, आणि मुलीने त्यांना इथे या बर्फात आणून ठेवलं.

हे सगळं ते दोन मिनिटांत आटपायचे. त्यांचा खरा जिव्हाळा सातशे वर्षांपूर्वीच्या एका वझिराशी होता. मंगोलांनी इराण उद्ध्वस्त केल्यावर हा वझीर मंगोल बादशहांच्याच पदरी राहिला, कारभार केला आणि बादशहाच्या हुकमावरून मंगोलांचा भला मोठा इतिहास लिहिला. शेवटी बादशहाला विष घातल्याचा आळ घेऊन त्याचं डोकं उडवलं.

"डोकं गेलं, खानूम, पण ग्रंथ राहिला," असं म्हणून ते काठी गाडीच्या तळावर आपटायचे. आपण त्याच परंपरेतले आहोत असं त्यांचं म्हणणं होतं. यांचं डोकं जागेवर होतं आणि ग्रंथ अजून झालेला नव्हता, एवढाच फरक.

ग्रंथाचं नाव होतं 'पर्शियाचे वझीर'. इंग्रजीत, दोन खंड. अगदी जुन्या दरबारांपासून सुरुवात आणि शेवट, नम्रपणे, स्वतःवर. अमेरिकेतल्या प्रकाशकांनी तो एकापाठोपाठ एक परत पाठवला. ते फार दुखावले. "पुस्तक न वाचता नाकारतात," ते म्हणाले. "आम्ही निदान वाचून नाकारायचो." शेवटी मुलीने तो पदरमोड करून छापून घेतला.

पुस्तक आलं त्याच उन्हाळ्यात माझे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. बाबा मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. राज्य आपण चालवलं, मंत्री नुसते येऊन-जाऊन होते, असं त्यांचं प्रामाणिक मत. शेजारी एक माजी मंत्री राहतो म्हटल्यावर ते पहिल्याच संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून भेटायला निघाले.

दोघांची मैत्री अंगणातल्या दोन घडीच्या खुर्च्यांवर झाली. बाबांनी सांगितलं की आमचे पूर्वज पेशव्यांचे दप्तरदार होते.

"पेशवा," वझीरसाहेब खूश झाले. "आमचा शब्द. पुढे चालणारा. दफ्तरही आमचं. दारही आमचं."

बाबांना हे रुचलं नाही. त्यांनी एकेक शब्द पुढे करायला सुरुवात केली. सरकार. "आमचा." फर्मान. "आमचं." शिफारस, बंदोबस्त, परवाना. "आमचे, आमचे." चिटणीस. "नवीस म्हणजे लिहिणारा, आमचाच." बाबांचा चेहरा पडत चालला. तीस वर्षं मराठीत राज्यकारभार केला अशी त्यांची समजूत, आणि एका तासात त्यातली निम्मी मराठी शेजारच्या अंगणात गेली. शेवटी ते म्हणाले, "निदान तक्रार तरी आमची असू द्या."

"तकरार? आमच्याकडे त्याचा अर्थ तीच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलणं."

अर्थ आमच्याकडेही फारसा बदललेला नाही, हे मी मनातल्या मनात म्हटलं आणि चहाचे कप उचलले.

प्रकाशन समारंभ लायब्ररीच्या खालच्या हॉलमध्ये झाला. प्रेक्षकांत निम्मे मुलीचे पेशंट होते. ज्या डॉक्टरच्या हातात आपली दाढ आहे तिचं आमंत्रण कोण मोडणार? उरलेले आसपासच्या गावांतले इराणी. वझीरसाहेबांनी त्या मंगोल काळातल्या वझिरापासून सुरुवात केली आणि हळूहळू स्वतःपर्यंत आले. आपल्या कारकिर्दीबद्दल ते म्हणाले, "तो काळ अवघड होता. काही कठोर निर्णय घेतले गेले." बाबांनी माझ्या कानात कौतुकाने सांगितलं, "बघ, 'घेतले गेले'. माणूस खरा प्रशासक आहे."

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एक बुटके, जाड भिंगांचा चष्मा घातलेले गृहस्थ उठले. शेजारच्या गावात त्यांचं गालिच्यांचं दुकान होतं. आम्ही सगळेच त्यावरून जायचो-यायचो.

"जनाब वझीर," ते म्हणाले, "मी आपले दोन्ही खंड वाचले. मागची सूचीसुद्धा वाचली. माझं मासिक त्यात नाही."

"कुठलं मासिक?" वझीरसाहेबांनी विचारलं. पण त्यांचा हात काठीवर घट्ट झालेला मला दिसला.

"इतिहासाचं मासिक. आमच्या गावातून निघायचं. शाळामास्तर लिहायचे, शाळामास्तरच वाचायचे. आपण ते बंद केलंत आणि मला आत टाकलंत. मी माफी मागा म्हणत नाही. पण इतिहास लिहिलाय, तर बंद केलं एवढं तरी लिहा."

वझीरसाहेब म्हणाले, "जागेची अडचण होती."

"दोन खंडांत?"

"दोन हजार वर्षं आहेत, भल्या माणसा."

गालिचेवाल्यांनी मान हलवली आणि ते खाली बसले. मग दातांच्या डॉक्टरने घाईघाईने केक कापला.

मला वाटलं विषय संपला. पण पुढच्या आठवड्यात गाडीत बसल्यावर वझीरसाहेब म्हणाले, "आज लायब्ररी नको. गालिच्यांच्या दुकानात चला. दुसऱ्या आवृत्तीच्या संदर्भात बोलणी करायची आहेत." पहिल्या आवृत्तीच्या बहुतेक प्रती त्यांच्या गॅरेजमध्ये होत्या, हे मी बोलले नाही. बाबा म्हणाले, मीही येतो, मसुदा करायला माणूस लागेल.

दुकानात गालिच्यांच्या गठ्ठ्यांवर तिघे म्हातारे बसले. मी दाराजवळच्या स्टुलावर. गालिचेवाल्यांनी लहान काचेच्या पेल्यांतून चहा दिला. शत्रूलाही चहा देताना त्यांनी तीनदा आग्रह केला आणि शत्रूने दोनदा नको म्हटलं.

वझीरसाहेबांनी खिशातून कागद काढून वाचलं, "'त्या वर्षी काही नियतकालिकांचं प्रकाशन थांबलं.'"

"थांबलं?" गालिचेवाले म्हणाले. "माझं मासिक काय घड्याळ होतं?"

बाबा पुढे सरसावले. "'थांबवण्यात आलं' असं करू."

"कोणी?"

"शासनाने," बाबा म्हणाले.

"शासन म्हणजे कोण? सही कोणाची होती?"

"सही खात्याची असते," बाबांनी समजावलं. "माणूस फक्त पेन धरतो."

वझीरसाहेबांनी बाबांकडे असं पाहिलं, जणू हरवलेला सख्खा भाऊ सापडला.

"मला न्यायला खातं आलं नव्हतं," गालिचेवाले शांतपणे म्हणाले. "दोन माणसं आली होती. त्यातल्या एकाच्या पायात माझ्याच भावाच्या दुकानातले बूट होते. तो माझ्याकडे बघत नव्हता, बुटांकडे बघत होता."

मग वझीरसाहेबांनी विचारलं, "किती काळ ठेवलं होतं?"

"तुमच्या लोकांनी एक हिवाळा. मग तुम्ही गेलात, नवे आले. नव्यांनी त्याच मासिकासाठी पुन्हा पकडलं. ते तेव्हा बंदच होतं, तरी. त्यांनी चांगली चार वर्षं ठेवलं. खरं सांगतो, तुमचा तुरुंग बरा होता. चहा मिळायचा."

"आभारी आहे," वझीरसाहेब म्हणाले.

ते उपरोधाने म्हणाले नाहीत. त्यांना खरोखर बरं वाटलं होतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही दर गुरुवारी त्या दुकानात जायचो. बाबांनी असे मसुदे केले की मंत्रालयात त्यांची अजून आठवण काढत असतील. 'प्रचलित धोरणानुसार आवश्यक ती कार्यवाही करण्यात येऊन सदर मासिक स्थगित झाले.' इंग्रजीत आणताना त्यांना घाम फुटायचा, पण त्यातही कर्ता कुठे दिसणार नाही याची ते पुरेपूर काळजी घ्यायचे. गालिचेवाले प्रत्येक मसुदा वाचायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "यात माणूस नाही." मधूनमधून गिऱ्हाईक यायचं. मग वाटाघाटी थांबायच्या आणि माजी मंत्री व माजी कक्ष अधिकारी उठून गालिच्याची दोन टोकं धरून उभे राहायचे, कारण ज्यावर ते बसलेले असायचे तोच नेमका गिऱ्हाइकाला बघायचा असायचा.

एकदा मला माझ्या लेकीला शाळेतून आणायला उशीर होत होता. मी वैतागून म्हटलं, "'मी ते मासिक बंद केलं.' एवढंच लिहा की. चार शब्द जास्त, चार शब्द कमी."

वझीरसाहेब म्हणाले, "खानूम, हे शाळकरी मुलाचं वाक्य आहे."

"आमचे वाचक शाळेतलेच होते," गालिचेवाले म्हणाले.

त्या दिवशी परत येताना वझीरसाहेब लाल सिग्नलला काही बोलले नाहीत. मागच्या सीटवर बाबा डुलक्या घेत होते. बऱ्याच वेळाने वझीरसाहेब खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मी त्याचं मासिक वाचायचो. प्रत्येक अंक. एक मास्तर होता, तो जुन्या कालव्यांवर लिहायचा. असं माझ्या विद्यापीठात कोणाला जमत नव्हतं." मग काठीची मूठ पुसत म्हणाले, "सामान्य असतं तर मी कशाला बंद केलं असतं?"

मी इंडिकेटर दिला आणि वळले. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता, आणि कीवही तेव्हाच आली. दोन्ही एकदम आल्याने काहीच करता आलं नाही.

थंडी सुरू व्हायच्या आधी बाबा पुण्याला परतले. जाताना वझीरसाहेबांनी त्यांना दोन्ही खंड सही करून दिले. बाबांनी विमानाच्या सामानात वजन होतं म्हणून दुसरा खंड आमच्याकडे ठेवला.

पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली. वझीरसाहेबांनी स्वतः पुस्तक नेऊन गालिचेवाल्यांच्या हातात दिलं. पान उघडून दिलं. वाक्य होतं, तळटिपेत का होईना: 'त्या वेळी आवश्यक वाटल्याने प्रस्तुत लेखकाने हे मासिक बंद केलं.'

गालिचेवाल्यांनी ते दोनदा वाचलं. "कर्ता आला," ते म्हणाले. "पण हे पुढे काय आहे? आवश्यक वाटल्याने?"

"वाटलं होतं," वझीरसाहेब म्हणाले. "इतिहासकाराने खरं लिहायचं असतं."

गालिचेवाल्यांनी पुस्तक मिटलं, त्यांच्या हातात परत दिलं आणि आतल्या खोलीत निघून गेले. त्या दिवशी चहा आला नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष दोघांचं बोलणं बंद होतं. वझीरसाहेब पुन्हा लायब्ररीत जाऊ लागले. दुकानावरून गाडी गेली की ते बरोबर उलट्या बाजूला बघायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "बाहेर कोण उभं होतं?" मी म्हटलं, "मी रस्त्याकडे बघत होते." ते म्हणाले, "ड्रायव्हरने बघायलाच हवं. पण थोडं इकडेतिकडेही बघावं."

मग एक दिवस ते आमच्या दारात आले, बगलेत एक जाडजूड फारसी पुस्तक. त्यांना धाप लागली होती. या वेळी त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही. थेट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसले. गालिचेवाल्यांनी इतिहास लिहिला होता. देशातल्या छापील मजकुराचा, कोणी काय छापलं आणि कोणी काय बंद केलं त्याचा. वझीरसाहेबांवर त्यात अख्खं प्रकरण होतं.

मी म्हटलं, "बसा, पाणी देते."

"पाणी नको, ऐका," असं म्हणून त्यांनी चष्मा चढवला आणि फारसीतून इंग्रजीत मला वाचून दाखवायला लागले. मी पोळ्या लाटत होते. "इथे तो म्हणतो, की माझ्यात कणा नव्हता. फारसीत हे वाक्य अतिशय सुंदर आहे, खानूम, इंग्रजीत येत नाही. पुढे म्हणतो, की ज्या माणसाला पुस्तकांची पारख नव्हती त्याने ती बंद केली असती तर समजू शकलो असतो, पण याला पारख होती. बघा, कबूल करतो. पारख होती म्हणतो."

"तो तुम्हाला शिव्या देतोय," मी म्हटलं.

"अर्थात. पण सगळे संदर्भ तपासून." त्यांचे डोळे चमकत होते. "माझ्यावर आजवर कोणी प्रकरण लिहिलं नव्हतं. मी स्वतः सोडून."

त्यांनी ते पुस्तक मागवून मागवून साऱ्या ओळखीच्यांना वाटलं. कॅलिफोर्नियातल्या मित्रांना पाठवलं. मुलीच्या दवाखान्यात वेटिंग रूममध्ये मासिकांच्या शेजारी एक प्रत ठेवली. तिथे फारसी वाचणारं कोणी येत नसे, म्हणून मुलीने चालवून घेतलं. मुलगी मला म्हणाली, "मी इतकी वर्षं त्यांना समजावतेय की लोकांना तुमचा राग असू शकतो. आता त्यांना पुरावा मिळाला, तर ते तो वाटत सुटलेत."

पण दोन-तीन आठवड्यांनी त्यांचा सूर बदलला. त्यांनी अनुक्रमणिका नीट पाहिली होती.

"माझं प्रकरण शेतीमंत्र्याच्या नंतर आहे," ते म्हणाले. "त्याने फक्त एक पंचांग बंद केलं होतं. मंत्रिमंडळात तो माझ्या चार जागा खाली बसायचा. हे मी चालवून घेणार नाही. गाडी काढा."

मी काढली. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी पुस्तक गल्ल्यावर ठेवलं आणि आपली हरकत सांगितली. गालिचेवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शेतीमंत्र्याने ते पंचांग बंद केलं," ते म्हणाले, "आणि खेड्यातल्या लोकांना पेरणी कधी करायची कळेना. त्याने जास्त नुकसान केलं. मी नुकसानाप्रमाणे क्रम लावलाय."

"म्हणजे मी कमी नुकसान केलं?"

"थोडं कमी."

वझीरसाहेबांना हे स्तुती म्हणून घ्यावं की अपमान म्हणून, हे ठरेना. ते तसेच उभे राहिले. मग गालिचेवाल्यांनी आतून पेले आणले आणि बसा म्हटलं. वझीरसाहेब नको म्हणाले.

थोड्याच दिवसांत आमचं ग्रीन कार्डाचं काम पुढे सरकलं आणि मला वर्क परमिट मिळालं. एका विमा कंपनीत मी नोकरीला लागले. मी वझीरसाहेबांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी उभं राहून माझं अभिनंदन केलं आणि विचारलं, "मग माझं खातं आता कोणाकडे?"

त्याचीही सोय झाली. गुरुवारी मी ऑफिसला निघायचे तेव्हा समोरून गालिच्यांच्या दुकानाची व्हॅन यायची. गालिचेवाले स्वतः चालवायचे. वझीरसाहेब कोट-मफलर घालून पायरीवर आधीच उभे असायचे. व्हॅनचं पुढचं दार उघडायचं, आणि आत चढता चढता त्यांचं बोलणं सुरू झालेलं असायचं. गालिचेवाले एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने त्यांचा पट्टा लावून द्यायचे, कारण तो त्यांना कधीच लावता आला नाही.